सोमवारच्या सकाळी प्रभूचे सान्निध्य

शास्त्रपाठ : निर्गम ३३:१-१७, लूक २४:१३-३५



दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात आपल्या बिदर व कलबुर्गी भागांतील पुष्कळ कुटुंबे विकाराबादजवळील धारूरच्या जत्रेस जातात. तेथे वचन ऐकताना, प्रार्थना करताना डोळे पाणावतात. प्रभू अगदी जवळ आहे असे वाटते. मग आपण घरी येतो. सोमवार उजाडतो. तुरीचे रान, दुकान, शाळा, दवाखाना, घरातली भांडणे पुन्हा सुरू होतात, आणि मन विचारते, "जत्रेत जवळ असलेला देव कोठे गेला?" हा प्रश्न अविश्वासाचा नाही. खऱ्या भुकेचा आहे.

मोशेलाही ही भूक होती. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू केल्यावर देवाने म्हटले की, देश देईन, पुढे दूतही पाठवीन, परंतु मी स्वतः तुमच्याबरोबर येणार नाही. विचार करा, दुधामधाचा देश मिळत होता, शत्रू हाकलले जाणार होते. आपल्यापैकी किती जणांनी एवढ्यावर समाधान मानले असते! मोशेने मानले नाही. देव सोबत नसेल तर येथून एक पाऊलही पुढे नको, अशी त्याने विनवणी केली. आपण प्रार्थनेत देश मागतो की देव मागतो, हे येथे तपासून पाहावे.

या बाबतीत पंडिता रमाबाईंची साक्ष आपणांस फार बोलते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. परंतु १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या कबूल करतात की, त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना सुमारे आठ वर्षांनी भेटला. एवढ्या विदुषीला हे कबूल करण्यास लाज वाटली नाही, मग आपण का लपवावे?

पुढे १९०५ च्या आरंभी त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात संजीवनासाठी प्रार्थना करणाऱ्यांचा गट उभा केला. जून महिन्यात पवित्र आत्म्याचे मोठे कार्य झाले. मुलींनी रडून पापे कबूल केली. पण ते संजीवन रडण्यावर संपले नाही. मुली खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात पुढील वर्षे घालविली. १९१२ च्या सुमारास त्यांनी, त्या काळी निजाम राज्यात असलेल्या, आपल्याच गुलबर्ग्यात शाळा काढली. त्यांची कन्या मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका होत्या. मनोरमाबाई १९२१ मध्ये प्रभूकडे गेल्या. तो घाव सोसून रमाबाई भाषांतराचे काम करीतच राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूकडे गेल्या. देवाचे सान्निध्य त्यांना सभेत जसे लाभले, तसेच शब्दकोश आणि छापखान्याच्या कामातही लाभले.

आता आमची चूक सांगतो. आमची आई अंथरुणाला खिळली होती. एका शनिवारी आम्ही पुढच्या खोलीत बसून रविवारच्या उपदेशाची तयारी करीत होतो. विषय होता 'प्रभू आपल्या जवळ आहे'. आईने दोनदा हाक मारली. "थांब ग, उपदेश लिहितोय," असे आम्ही म्हणालो. तेव्हा ती म्हणाली, "लेकरा, लोकांना सांगतोस ते मलाबी थोडं सांग की." आम्ही वही मिटली आणि तिच्या उशाशी जाऊन बसलो. तिला पाणी पाजले, मेंढपाळाचे स्तोत्र वाचले. कित्येक आठवडे आमची प्रार्थना कोरडी होती. त्या रात्री ती कोरडी राहिली नाही.

अम्माऊसच्या वाटेवर दोघा शिष्यांबरोबर प्रभू मैलोगणती चालला, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. ओळखले ते घरात, भाकर मोडताना. तो नंतर आला असे नव्हे. तो वाटेवरही होताच, डोळे मात्र घरच्या पंक्तीत उघडले.

तर मग आपण काय करावे?

१. दिवसाच्या आरंभी काही मागण्याआधी प्रभूलाच मागावे.

२. हातातले काम त्याच्यासमोर करावे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात बंधू लॉरेन्स स्वयंपाकघरात भांडी घासतानाही देवाशी बोलत असत. आपल्या भगिनींना डाळ निवडताना हे जमणार नाही काय?

३. ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी समेट करावा. न कबूल केलेले पाप सान्निध्याची जाणीव बोथट करते.

४. जाणीव होत नाही त्या दिवशीही प्रार्थना सोडू नये. भावना येतात-जातात, अभिवचन राहते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी प्रश्न :
(अ) मोशेने केवळ दूतावर समाधान का मानले नाही?
(आ) रमाबाईंच्या साक्षीत धर्म सापडणे व ख्रिस्त सापडणे यांत कोणता फरक दिसतो?
(इ) या आठवड्यात आपल्या घरात कोण हाक मारीत आहे?

प्रार्थना : हे प्रभू, तुझ्या देणग्यांवर आमचे समाधान होऊ देऊ नको. आमच्या रानात, दुकानात आणि चुलीपाशी तू आहेस, हे ओळखावयास आमचे डोळे उघड. येशूच्या नावाने मागतो. आमेन.