आंघोळ बसूनच करावी

मुळशीतल्या रिहे खोऱ्यात आता घरं बांधली जातात ती शहरातल्यासारखी. हिंजवडीला नोकरी करणारी मुलं हौसेने बांधतात, आणि न्हाणीघराचा विषय निघाला की घरात हमखास वाद होतो. मुलगा-सून म्हणतात, शॉवर हवा. कुणी एखादं फार्महाऊस पाहून आलेला असतो, त्याला टब हवा असतो. म्हातारी माणसं म्हणतात, बादली ठेवायला जागा ठेवा म्हणजे झालं.

माझं मत आता पक्कं झालं आहे. पाणी छतातून पडतंय, नळीतून येतंय की तांब्यातून, हा नंतरचा प्रश्न. साठीनंतर पहिला प्रश्न असा, की आंघोळ करताना तुम्ही उभे आहात की बसलेले, आणि बसलेले असाल तर किती उंचीवर. आमच्या ह्यांचा खुबा मोडला तेव्हापासून मी हे ज्याला त्याला सांगत आले आहे. आज सविस्तर लिहिते.

आमच्या जुन्या घरात मोरी होती. खाली खरखरीत शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंब, बसायला लाकडी पाट. घर नवं झालं तेव्हा मोरी गेली, चकचकीत टाइल आल्या आणि डोक्यावर गोल शॉवर आला. काही वर्षं कुणाला काही झालं नाही.

मुळशीचा पाऊस जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत भिंती वाळू देत नाही. श्रावणातल्या एका सोमवारची गोष्ट. ह्यांचा नेम असा, की उठल्याबरोबर रक्तदाबाची गोळी घ्यायची, आणि आंघोळ-पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोटात गोळीपुरता पाण्याचा घोट. कढत पाण्याखाली उभे राहिले, डोक्याला साबण लावताना डोळे मिटले आणि अंधारी आली. आधाराला हात गेला तो टॉवेलच्या दांड्याकडे. दांडा गिट्ट्यांसकट भिंतीतून निघून आला.

मी धावले, पण आतून कडी लावलेली. दार आत उघडणारं, आणि हे दाराला टेकूनच पडलेले. दार प्लॅस्टिकचं होतं म्हणून शेजारच्या मुलांना ते कापून काढता आलं. आत पाहिलं तर उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. हे चिन्ह लक्षात ठेवा. असं दिसलं की खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता फार असते. अशा माणसाला काखेत धरून उभं करू नये, पाय ओढू नये, तेल चोळू नये. अंगावर कोरडी चादर घालावी आणि १०८ला फोन करावा. गावातल्या दोघातिघांनी हाडवैद्याचं नाव सुचवलं. त्यांच्या मनात चांगलंच होतं, पण खुब्याचं मोडलेलं हाड पट्टी बांधून जुळत नाही. घोटवडे फाटा, पिरंगुट, भूगाव करत आम्ही पुण्याला पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, ही शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी लागते. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या रक्तवाहिनीत गुठळी होते. हाड मोडल्याने माणूस जात नाही, तो या मागून येणाऱ्या दुखण्यांनी जातो. पडल्यामुळे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठी ओलांडलेल्यांचं आहे.

पडण्याचं कारण मी फरशीत शोधत होते. डॉक्टरांनी ते निम्मं शरीरात दाखवलं. कढत पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. माणूस उभा असला की रक्त पायाकडे उतरतं. तरुण शरीर हे क्षणात सावरून घेतं, म्हाताऱ्या शरीराला वेळ लागतो. त्यात रिकामं पोट, नुकतीच घेतलेली गोळी आणि मिटलेले डोळे. उतारवयात तोल सांभाळण्यात डोळ्यांचा वाटा फार मोठा असतो, ते मिटले की पाय एकटे पडतात. आडवं किंवा बसलेलं माणूस उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २०ने किंवा खालचा १०ने उतरला, तर तो आजार समजतात. ही तपासणी कुठल्याही दवाखान्यात होते. त्यासाठी रक्तदाब एकदा बसवून आणि एकदा उभं करून मोजावा लागतो, आणि ते आपण होऊन मागावं लागतं. प्रोस्टेटच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही असाच रक्तदाब उतरू शकतो. आता ह्यांचा नेम बदलला आहे: आधी चहा-बिस्किट, मग थोड्या वेळाने आंघोळ, आणि गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवलेली. देव तेवढा वेळ थांबतो.

घरी आल्यावर स्टुलावर बसायला हे तयार होईनात. बसून आंघोळ म्हणजे आजाऱ्याची आंघोळ, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी त्यांना एकच विचारलं, तुमचे वडील उभं राहून कधी आंघोळ करत होते? आपल्याकडे विहिरीवर, नदीवर, मोरीत, परसातल्या दगडावर, सगळीकडे माणसं बसूनच आंघोळ करत आली. उभ्याची आंघोळ आपल्या घरांत शॉवरबरोबर आली. फक्त आपली बैठक फार खाली होती. पाटावरून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि ओला पाट फरशीवर सरकतो. म्हणून बैठक तीच ठेवायची, तिची उंची वाढवायची.

स्टूल गुडघ्याच्या उंचीचं घ्यावं, बहुतेकांना १६ ते १८ इंच पुरतं. पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. चारही पायांना रबरी बूच हवेत आणि जमलं तर पाठ आणि हात असलेलं हवं. बाजारातलं हलकं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊ नका. त्याचे पाय ओल्यात फाकतात.

आता शॉवर की बादली. छतातला शॉवर मी बंदच केला. त्याजागी लांब नळीचा हँड शॉवर घेतला, तो बसल्या जागी हाताला येतो. पण गावाकडच्या घरांची एक अडचण असते. पाण्याची टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असते, त्यामुळे दाब कमी असतो. शेजारच्या खोलीत कुणी नळ सोडला की गार पाणी कमी होतं आणि शॉवरमधून अचानक कढत धार येते. बादलीत हे होत नाही, पाणी आधी विसणून, हाताने पाहून मग अंगावर घेता येतं. पाणीही कमी लागतं. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे, आणि मोठा शॉवर ५ मिनिटं चालला तर तेवढं पाणी एकट्या आंघोळीत संपू शकतं. म्हणून आमच्याकडे दोन्ही आहे. बादली दुसऱ्या छोट्या स्टुलावर ठेवतो, म्हणजे वाकावं लागत नाही, आणि पाठ धुवायला हँड शॉवर. भरलेली बादली म्हाताऱ्या माणसाने उचलू नये आणि सरकवूही नये. ती नळाखालीच राहील अशी स्टुलाची जागा ठरवावी.

टबाबद्दल माझं मत सरळ आहे, तो नको. आमची मुलगी अमेरिकेत असते. तिथल्या कितीतरी घरांत शॉवर टबातच असतो, म्हणजे साध्या आंघोळीलासुद्धा साधारण १५ इंचांची कड ओलांडून आत जायचं, आणि येताना ओल्या पायाने, एका पायावर उभं राहून परत ओलांडायची. मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी आधीच सांगून ठेवावं. तिथे ट्रान्सफर बेंच मिळतं, त्याचे दोन पाय टबाबाहेर आणि दोन आत असतात. बाहेर बसायचं आणि बसल्या बसल्या सरकत आत जायचं. शॉवरचा पडदा धरून उतरू नये, तो हातात येतो. टबात पडून राहण्याचा धोका वेगळाच आहे. जपानमध्ये कढत पाण्यात बसण्याची जुनी आवड आहे, आणि तिथे हिवाळ्यात कितीतरी वृद्ध टबातच दगावतात. म्हणून तिथलं सरकार सांगतं, पाणी ४१ अंशांच्या आत ठेवा आणि १० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. आपल्याला बादलीतल्या पाण्यालाही हा आकडा उपयोगाचा आहे. ६० अंशांच्या पाण्याने ५-६ सेकंदांत कातडी भाजते. मधुमेह्यांच्या पावलांना चटका कळत नाही, त्यांनी पाणी कोपराने पाहावं. गिझरचा काटा ५० अंशांवर ठेवावा.

गिझरवरून गॅस गिझरचं सांगितलंच पाहिजे, कारण आपल्या भागात वीज जाते म्हणून तो घरोघर आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठतच नाही, मग तो तरुण असो की म्हातारा. महाराष्ट्रात अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतच असला पाहिजे. यात तडजोड नाही. वीज गेली तरी उजेड राहावा म्हणून आम्ही बॅटरीवर चालणारा दिवा आत बसवून घेतला आहे.

दांड्याचं काम गवंड्यासमोर उभं राहून करून घ्या. टॉवेलचा दांडा आणि आधाराचा दांडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आधाराचा दांडा स्टीलचा, साधारण दीड इंच जाडीचा, मुठीत बसेल असा आणि भिंतीपासून दीड-दोन इंच सुटा असावा. एक स्टुलाशेजारी आडवा, एक दाराशी उभा. भिंत विटांची असेल तर लांब अँकर बोल्ट पुरतात. नव्या घरांच्या भिंती सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात, त्यात साधी गिट्टी धरत नाही. तिथे आरपार बोल्ट टाकून मागून पट्टी लावावी किंवा केमिकल अँकर वापरावा. दांडा बसल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने त्याला लोंबकळून पाहावं. दार बाहेर उघडणारं करावं आणि कडी बाहेरून काढता येईल अशी असावी. आमचे हे आता कडी लावतच नाहीत, बाहेर दाराला टॉवेल टाकला की आत कुणीतरी आहे हे सगळ्यांना कळतं. टाइल बदलायच्या असतील तर दुकानात कमी घसरणाऱ्या, आर-११ म्हणून मागा. बदलायच्या नसतील तर खाली चोषक असलेली रबरी मॅट टाका आणि पावसाळ्यात ती रोज उचलून घासा, कारण तिच्याखालीच शेवाळ धरतं. दाराबाहेरचं कापडी पायपुसणं काढून टाका.

बायकांसाठी थोडं वेगळं. आमच्या वयाच्या कितीतरी जणी परकर नेसून आंघोळ करतात. ओला परकर पायांना गुंडाळला जातो आणि उठताना पाऊल अडकतं. गुडघ्यापर्यंतचा सुती झगा त्यापेक्षा बरा. कपडे घालायचे ते कोरड्या खोलीत, पलंगावर बसून. एका पायावर उभं राहून पायजमा किंवा परकर चढवताना पडलेली माणसं मला आमच्याच खोऱ्यात भेटली आहेत.

आणि दिवाळी. नरक चतुर्दशीला पहाटेची थंडी, अंधार, अंगभर तेल आणि एकामागून एक आंघोळी. पहिल्याच्या अंगावरचं तेल फरशीवर उतरतं आणि दुसरा त्यावर पाय ठेवतो. अभ्यंग सोडा असं मी म्हणणार नाही, मला ते प्रिय आहे. तेल खोलीत खुर्चीवर बसवून लावावं, पण तळपायांना लावू नये. न्हाणीघरात नेताना कुणीतरी हात धरावा. उटणं स्टुलावर बसवून लावावं. प्रत्येक आंघोळीनंतर फरशीवर गरम पाणी आणि साबणाची पूड टाकून खराटा मारावा, आणि म्हाताऱ्यांना पहिला मान द्यावा, म्हणजे त्यांना कोरडी फरशी मिळते.

ह्यांचा पाय आता बरा आहे. काठी घेऊन देवळापर्यंत जातात. पण मांडी घालून बसता येत नाही, शेताच्या बांधावर जाता येत नाही, आणि ते पुन्हा जमेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. दांडा, स्टूल आणि हँड शॉवर यांना मिळून जेवढे पैसे लागले, तेवढे आमचे इस्पितळात पहिल्या दिवशीच भरून झाले होते.

घरात साठीच्या पुढचं माणूस असेल तर दिवाळीच्या रंगकामाला गवंडी येईल तेव्हा आधी न्हाणीघराचा दांडा बसवून घ्या, रंग त्यानंतर.