ईस्टरची टोपली: रविवारी संध्याकाळी काय उरेल, याचा हिशोब आधी करा

टोपली सजवायची कशी ते व्हिडिओत पाहिलंत. सजावट हाताला येतेच, पण पैसे कुठे अडकतात ते व्हिडिओत नीट सांगता आलं नाही. म्हणून हा धडा.

माझी पहिली चूक

पहिल्या वर्षी मी ३० टोपल्या भरल्या. एकीचा माल ३०० रुपयांना पडला, विकली ३५० ला. वाटलं, टोपलीमागे ५० सुटले. रविवारी संध्याकाळी ११ टोपल्या दुकानात तशाच. चॉकलेटची अंडी मऊ पडून कागदाला चिकटलेली. खर्च ९,०००, जमा ६,६५०. म्हणजे २,३५० खिशातून गेले आणि ४५ तासांची मेहनत फुकट.

दिवाळीचा माल भाऊबीजेपर्यंत तरी चालतो. ईस्टरचं अंडं सोमवारी कुणी विचारत नाही. म्हणून या धंद्याचा एकच नियम: आधी ऑर्डर, मग टोपली.

तारीख पौर्णिमेवरून

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये. आपल्यासाठी सोपी खूण म्हणजे होळीची किंवा हनुमान जयंतीची पौर्णिमा. बहुतेक वर्षी त्यानंतरचा रविवार ईस्टरचा. २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. कॅलेंडरवर आत्ताच गोल करा.

त्याआधी ४६ दिवस राखेचा बुधवार येतो आणि उपवासाचा काळ सुरू होतो. २०२७ मध्ये तो १० फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात टोपल्या विणायला सांगायच्या आणि नमुन्याचा फोटो ग्राहकांना पाठवायचा. ऑर्डर ईस्टरच्या दहा दिवस आधी बंद. अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय नाव वहीत लिहायचं नाही, मग ती मावशी असो की मैत्रीण.

ग्राहक कोण?

वसईत पोर्तुगीज १५३४ मध्ये आले. तिथले मराठी बोलणारे ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हा सण करतात. मुंबईच्या बेकऱ्यांत ईस्टरला मार्झिपानची अंडी मिळतात. भरलेल्या टोपलीची रीत मात्र युरोपातली. पोलंडमध्ये ईस्टरच्या आदल्या शनिवारी अंडी, पाव, मीठ टोपलीत घालून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. आपल्याकडे ती भेटवस्तू म्हणून खपते.

कर्जत-खालापूरकरांना दोन ग्राहक जवळचे. एक, लोकलने ठाणे-मुंबईला जाणारी आपलीच माणसं, त्यांच्या ऑफिसमधले सहकारी. दुसरा, फार्महाऊस आणि रिसॉर्टवाले. गुड फ्रायडेची सुट्टी धरून मुलंबाळं घेऊन पाहुणे येतात, त्यांच्यासाठी छोट्या टोपल्या लागतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गुड फ्रायडे दुःखाचा दिवस आहे. मी एकदा 'हॅपी गुड फ्रायडे' लिहून ऑफर पाठवली. एका ताईंनी फोन करून शांतपणे समजावलं. त्यांनी ऑर्डर रद्द केली नाही, पण मला आजही लाज वाटते. शुभेच्छा फक्त रविवारी.

टोपलीत काय भरायचं?

*टोपली:* दांडी असलेली बांबूची, आठवडी बाजारात बसणाऱ्या विणकर बाईंकडून. पूर्ण वाळलेलीच घ्या. ओलसर बांबू प्लास्टिकमध्ये गुंडाळला की बुरशी धरतो. टोपलीवर रंग किंवा सशाचं चित्र नको. सणाची खूण फक्त रिबन आणि टॅगवर. म्हणजे उरलेली टोपली एप्रिल-मेच्या लग्नांत रुखवताला जाते.

*घरटं:* आपल्याकडचा भाताचा पेंढा. झटकून, दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्या. वर बटर पेपर, मगच खाऊ.

*अंडी:* चॉकलेट ३४-३५ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे मार्च-एप्रिलची दुपार त्याच्या वर जाते. त्यापेक्षा मार्झिपान करा. काजूकतली जमते ना? मग हेही जमेल. पाव किलो काजूपूड, पाव किलो साखर. एकतारी पाकात पूड आटवा, कोमट झाल्यावर मळा, बदामाचा इसेन्स घाला, साच्यात दाबा. २५ ग्रॅमची साधारण वीस अंडी होतात.

*रंगीत कवचं:* कांद्याची सालं उकळा, पाणी गार करा, दोन चमचे व्हिनेगर घाला. पांढरी कच्ची अंडी धुऊन तासभर बुडवा. पिवळ्यासाठी हळद. रंग वाळला की दोन्ही टोकांना भोक पाडून आतलं फुंकून काढा, कवच आतून धुऊन वाळवा. आतल्याची त्याच दिवशी बुर्जी. उकडलेली अंडी टोपलीत देऊ नका, उन्हाळ्यात दोन तासांच्या वर बाहेर ठेवणं धोक्याचं.

खाऊ विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच. लेबलवर घटक, तारीख, आणि 'काजू आहे' हे ठळक लिहा.

कॉस्टिंग (माझे आकडे, तुम्ही तुमचे घाला)

- टोपली: १२०
- पेंढा, बटर पेपर, रिबन, टॅग: ५५
- मार्झिपानची ६ अंडी, कच्चा माल: ९०
- रंगीत कवचं ३: २५
- कुकीजचं पाकीट: ६०
- पॅकिंग, पोहोचवणी: २५
- माल एकूण: ३७५
- माझी मजुरी, दीड तास, ८० रुपये तासाने: १२०
- मोडतोड: २५
- खरा खर्च: ५२०
- नफा २५ टक्के: १३०
- विक्री: ६५० रुपये

बहुतेक जणी मजुरीची ओळ गाळतात. 'घरीच तर केलंय' म्हणतात. घरी केलं म्हणून तुमचा दीड तास फुकट होत नाही.

आणि तोच न्याय विणणाऱ्या बाईंना. १२० ची टोपली १०० ला मागून आपले वीस वाचतात, पण पुढच्या वर्षी वेळेवर टोपली मिळत नाही. मी अर्धे पैसे आधी देते, उरलेले टोपल्या हातात पडल्याबरोबर.

गृहपाठ

या आठवड्यात एकच टोपली बनवा. मोबाईलवर वेळ लावून बसा आणि खरे तास लिहा. मग वरचा तक्ता तुमच्या आकड्यांनी भरून किंमत काढा. ती किंमत दहा ओळखीच्यांना सांगा. तिघांनी अ‍ॅडव्हान्स दिला तर पुढे जा. नुसतं 'छान आहे हं' म्हणाले, तर टोपली घरात फळांना वापरा आणि पैसे जपून ठेवा.

तुमचा आकडा किती आला, कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या धड्यात!