समोर बसायला कुणीतरी हवं

टेकन काय, स्ट्रीट फायटर काय, लढतीचे हे व्हिडिओ गेम एकट्यानं फार दिवस खेळवत नाहीत. मशीनशी लढता येतं, पण त्यातली गोडी लवकर संपते. समोर जिवंत माणूस लागतो. फसणारा, फसवणारा, चिडून "आणखी एक!" म्हणणारा. आणि नेमका तोच बऱ्याच घरांत मिळत नाही.

आपण घरी येतो ते दमून. कुकर लावायचा असतो, उद्याच्या डब्याचं बघायचं असतं, त्यात ऑफिसचा फोन. तेवढ्यात हॉलमधून हाक येते, "आई, हे बघ ना, काय केलं मी!" आणि मान वर न करता आपण म्हणतो, "हो हो, छान." सगळ्याच घरांत हे होतं. मनात वाईट काही नसतं. पण आईनं बघितलंच नाही, हे मुलाला बरोबर कळतं. हळूहळू हाक येणं थांबतं, आणि मग दार लावून तो कुणाशी खेळतो याचा घोर आपल्याला लागतो.

खरं तर मुलांना आपल्याला खेळात ओढायचंच असतं. कसं ओढायचं ते त्यांना जमत नाही, एवढंच.

मामेबहीण सुट्टीला येते. आमचा मुलगा आनंदानं तिच्या हातात कंट्रोलर देतो आणि सगळी बटणं, सगळे कॉम्बो एका दमात सांगून टाकतो. मग पंधरा सेकंदांत तिला आडवी करतो. दोन-तीन सामन्यांनंतर ती कंट्रोलर ठेवून मोबाइल उघडते. तो हिरमुसतो. "कुणालाच आवडत नाही माझा गेम." हे वाक्य ऐकलं की पोटात तुटतं. कारण तो गेमबद्दल बोलत असला तरी दुखावलेला तो स्वतः असतो.

जयपूरला राहणाऱ्यांनी यासाठी चौदा जानेवारीची, पतंगांची गच्ची आठवावी. पेच लढवणारे दोघंतिघंच असतात, पण खाली घरात कुणी उरत नाही. नवीन सुनेच्या हातात कुणीतरी चरखी देतं. ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, याचा तास कुणी घेत नाही. आजींनी उभ्या जन्मात मांजा धरलेला नसतो, पण "वो काटा!" सगळ्यात मोठ्यानं त्याच ओरडतात. दुपारपर्यंत सूनबाईंच्या हातात दोर आलेला असतो.

मुलालाही हेच सांगता येतं. आधी फक्त तीन गोष्टी शिकव, बाकी राहू दे. फटका अडवता येतो. नुसता अडवून बसलेल्याला पकडून आपटता येतं. आणि पकडायला पुढे येणाऱ्याला आधीच फटका मारता येतो. या खेळाचा गाभा एवढाच आहे, आणि तो आत्यालाही पाच मिनिटांत कळतो. एकदा कळला की ती बटणांकडे बघायचं सोडून समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला लागते. खरी मजा तिथे सुरू होते.

नवख्यांसाठी सोयही झाली आहे. 2023 साली आलेल्या स्ट्रीट फायटर 6 मध्ये 'मॉडर्न' आणि 2024 च्या टेकन 8 मध्ये 'स्पेशल स्टाइल' अशी सोपी पद्धत आहे. एका बटणात मोठे डाव निघतात. मुरलेली मुलं तिला नाकं मुरडतात. पाहुण्यांसाठी ती खुशाल लावू द्या.

मुद्दाम हरायला मात्र मुलाला सांगू नका. समोरच्याला ते लगेच समजतं आणि अपमान वाटतो. त्यापेक्षा त्यानं गेममधला कधी न खेळलेला खेळाडू घ्यावा, म्हणजे दोघंही चाचपडतात. जिंकणारा जागेवरच बसणार, हा नियमही घरात नको. त्यात नवखी माणसं सोफ्यावर वाट बघत बसतात. दर सामन्याला कंट्रोलर पुढे द्यावा.

खेळाडू ज्याचा त्यानं रूप बघून निवडावा. टेकनमध्ये चक्क पांडा आहे. स्ट्रीट फायटरमध्ये 1991 पासून धालसिम नावाचा भारतीय योगी आहे, लांबच लांब हातांचा, आणि त्याच्या मुलाचं नाव दत्ता! हे कळल्यावर आमच्या सासूबाई चष्मा लावून पुढे सरकल्या. त्यांनी कंट्रोलर धरला नाही, पण दत्ताच्या बाबांची बाजू धरून बसल्या. तेही खेळणंच झालं.

मारामारीची भीती मलाही वाटते. पण सगळे खेळ एका मापाचे नाहीत. अमेरिकेतल्या वर्गवारीत टेकन आणि स्ट्रीट फायटर 13 वर्षांपुढच्यांसाठी आहेत. मॉर्टल कॉम्बॅटला 17 ची अट आहे आणि ती योग्यच आहे, त्यातलं रक्त बघवत नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ही तर वेगळीच गोष्ट. भारतात 2025 च्या कायद्यानं त्यांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. घरातल्या आजोबांना हा फरक सांगून ठेवा, त्यांच्या मनात सगळं एकच असतं.

वेळेचं म्हणाल, तर टेकनची एक फेरी साधारण मिनिटाची. भाजीवर झाकण ठेवून एक पूर्ण सामना होतो. दमलेल्या आईबापांना याहून सोयीचा खेळ मला माहीत नाही.

लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशनं 2019 साली जपानची आणि लास वेगासची अशा लढतीच्या गेमच्या दोन्ही 'ईव्हो' स्पर्धा टेकनमध्ये जिंकल्या, तेव्हा जग चकित झालं. तो म्हणाला, आमच्याकडे असे आणखी आहेत. तिथली मुलं एकमेकांसमोर बसून घडली होती. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर होता, आपल्याकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. सुवर्ण मिळालं कोरियाच्या किम ग्वान-वू यांना, वयाच्या 44 व्या वर्षी! आता आपलं वय झालं, असं म्हणणाऱ्या बाबांना हे जरूर सांगा.

आपल्या मुलानं पदक आणावं म्हणून हे नाही. तो ऑनलाइन हरतो, कुणी अनोळखी माइकवरून घाण बोलतो, कंट्रोलर आदळला जातो, आणि आपण ओरडतो, "बंद कर ते!" त्या वेळी त्याला लाजही वाटत असते आणि रागही येत असतो. जरा वेळ जाऊ द्या. मग शेजारी बसून विचारा, "कुठे फसलास?" तो भडाभडा बोलेल, त्यातलं निम्मं आपल्याला समजणार नाही, चालतं. बोलून झालं की एक सामना मागा, आणि खेळाडू कोणता घेऊ, ते त्यालाच विचारा.