बियाण्याची कणगी

कृष्णा आणि कोयना या नद्यांचा संगम जेथे होतो, त्या कराड शहरातील एका जुन्या बोळात दोन खोल्यांचे एक बिऱ्हाड आहे. घरात माणसे पाच. वडील एस. टी. मध्ये वाहक, आई घरीच शिवणकाम करणारी, वृद्ध आजी, आणि दोन भावंडे. वडिलांची पाळी मुक्कामाच्या गाडीवर असली की ते रात्री घरी नसतात; पहाटेच्या पहिल्या गाडीवर असली की चार वाजताच डबा घेऊन बाहेर पडतात. आईचे शिवणयंत्र सकाळी सुरू होते, ते दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. आणि लग्नसराईत तर मध्यरात्र झाली तरी त्याची घरघर शेजाऱ्यांस ऐकू येते. अशा घरात सर्वांनी एकत्र बसण्याचा योग विरळाच. तथापि महिन्यातून एकदा, पगार झाल्यानंतरच्या पहिल्या सुटीच्या रात्री, जेवणे उरकली की फळीवरून लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही खाली उतरते आणि तिच्याभोवती सारे बसतात. मुलांनाही त्या वेळी उठून जाण्यास कोणी सांगत नाही.

ही वही 2019 सालच्या जून महिन्यात सुरू झाली. त्या वेळी मुलगी सहावीत होती. एके रात्री ती वडिलांना म्हणाली, “बाबा, दहावी झाल्यावर मला तंत्रनिकेतनात जायचे आहे. आगारात गाड्यांची इंजिने खोलून दुरुस्त करतात ना, ते मला शिकायचे आहे.”

वडिलांना आनंद झाला, परंतु ते काही बोलले नाहीत. त्यांच्या एका सोबत्याचा मुलगा नुकताच पदविका घेऊन बाहेर पडला होता. त्याच्याकडे त्यांनी चौकशी केली. तीन वर्षांचे शुल्क, पुस्तके, आलेखनाचे साहित्य, येणेजाणे असा सारा खर्च मांडून, त्यात पुढील वाढ धरली, तेव्हा 1,40,000 रुपयांचा अंदाज निघाला. वडिलांचा हाती पडणारा पगार होता 16,500 रुपये. आईच्या शिवणाचे कधी आठ हजार येत, तर आषाढात तीनही येत नसत. वर्षाची सरासरी काढली तर महिना साडेपाच हजार. म्हणजे घरात येणार 22,000, आणि उभा करायचा आकडा त्याच्या सहापटींहून अधिक. असा आकडा पाहिला की बहुतेक माणसे वही मिटून ठेवतात.

आजीने वही मिटू दिली नाही. आजी माण तालुक्यातील, म्हणजे नेहमीच्या अवर्षणाच्या मुलखातील. 1972 च्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली होती आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या. त्या काळी तिच्या घरात दोन कणग्या असत. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणामातीने लिंपलेली धान्याची कोठी. एक कणगी खाण्याच्या धान्याची, दुसरी बियाण्याची. खळ्यावरून धान्य घरी आले की प्रथम बियाण्याची कणगी भरायची. उरेल त्यात वर्ष काढायचे. दुष्काळात खाण्याची कणगी रिकामी झाली, पण दुसरीचे तोंड कोणी उघडले नाही. म्हणूनच पाऊस पडला तेव्हा त्या घराला पेरणी करता आली.

“तुम्ही उलटे करता,” आजी म्हणाली. “आधी खाता, आणि उरले तर बियाणे म्हणता. असे बियाणे कधी उरत नाही.”

एवढे शहाणपण सांगणाऱ्या आजीची स्वतःची बचत मात्र बरीच वर्षे डाळीच्या डब्यात होती, हेही सांगितले पाहिजे. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने 500 व 1,000 रुपयांच्या जुन्या नोटा चलनातून काढल्या, तेव्हा तिला तो डबा सर्वांदेखत उपडा करावा लागला. त्यातून 500 च्या पंधरा नोटा निघाल्या. एकीचा कोपरा झुरळांनी खाल्लेला होता. साडेसात हजार रुपये इतकी वर्षे डाळीत पडून होते आणि त्यांत एका पैशाचीही भर पडली नव्हती. आई आजीला घेऊन रांगेत उभी राहिली आणि ती रक्कम टपाल कार्यालयातील बचत खात्यात आजीच्या नावाने जमा झाली. बियाण्याला केवळ जागा वेगळी असून भागत नाही, ते जमिनीत पडले तरच वाढते, हे त्या घराला तेव्हा उमगले.

म्हणून 2019 च्या त्या रात्री विचार झाला तो असा. दहावी संपायला पाच वर्षे, म्हणजे 60 महिने आहेत. 1,40,000 ला 60 ने भागले तर महिन्याला 2,333 रुपये होतात. परंतु पैसे व्याजाने ठेवले तर एवढेही लागणार नाहीत. भारतातील टपाल खात्याची बचत बँक 1882 सालापासून चालू आहे. तिच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत, जिला सारे जण ‘आर. डी.’ म्हणतात, दरमहा ठराविक हप्ता भरायचा असतो. दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवले जाते आणि पुढच्या तिमाहीत त्या व्याजावरही व्याज धरले जाते. 2019 च्या जूनमध्ये या ठेवीचा दर शेकडा 7.3 होता. वडिलांनी हिशेब केला: महिना 2,000 भरले तर पाच वर्षांत भरणा होईल 1,20,000 आणि हाती येतील 1,45,010. वरचे पंचवीस हजार कोणी कष्ट करून आणायचे नव्हते. ते काळानेच द्यायचे होते.

मग पगाराची वाटणी उलट्या क्रमाने झाली. वहीच्या पहिल्या रकान्यावर मुलीचे नाव आले आणि त्याखाली 2,000. दुसऱ्या रकान्यावर ‘आडअडचण’, तेथे 1,500. तिसरा रकाना आईचा. वाहकाला नोकरीत भविष्यनिर्वाह निधी असतो. परंतु घरी बसून लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईला डोळे थकल्यावर कोण पुसणार? ही गोष्ट बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानातही येत नाही. येथे वडिलांच्या ध्यानात आली, आणि आईच्या नावाने सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत महिना 500 ठरले. हे चार हजार बाजूला काढल्यावरच घरभाडे, किराणा, दूध, गॅस, वीज, शाळा, औषधे यांची बोलणी सुरू झाली. ओढाताण झालीच. किराणा, दूध आणि भाजी यांस साडेसात हजारांच्या वर जाऊ द्यायचे नाही असे ठरले, तेव्हा आई म्हणाली, “अहो, वहीत लिहिणे सोपे आहे, पाहुणे वही वाचून येत नाहीत.” त्यावर सणवार आणि पाहुण्यांसाठी हजाराचा आणखी एक रकाना निघाला.

पहिले काही महिने सुरळीत गेले. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि गाड्या आगारात उभ्या राहिल्या. लग्ने थांबली तसे शिवणही थांबले. आईने सुती कापडाच्या मुखपट्ट्या शिवून विकल्या. आडअडचणीच्या रकान्यातून बरेच पैसे उचलावे लागले, परंतु टपालातील हप्ता चुकला नाही.

खरी कसोटी पुढे होती. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो दिवसांत मिटेल असे सर्वांना वाटले होते. तो महिने चालला. डिसेंबरपासून घरात पगार येईना. आडअडचणीच्या रकान्यात 27,000 रुपये होते. दूध निम्म्यावर आले, मुलीची शिकवणी बंद झाली, दूरचित्रवाणीचे पैसे भरणे थांबले. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना मात्र हात लावायचा नाही असे आईने बजावले. इतके करूनही महिन्याला साडेतेरा हजार लागत आणि शिवणाचे येत सहा हजार. डिसेंबरचा हप्ता भरला गेला. जानेवारीत वही उघडली तेव्हा वडील बराच वेळ नुसते आकड्यांकडे पाहत बसले.

“पोस्टातले खाते मोडू या,” ते शेवटी म्हणाले. “मुद्दल तरी हाती येईल.”

आई आधीच टपाल कार्यालयात जाऊन चौकशी करून आली होती. ती म्हणाली, “तीन वर्षे पुरी होण्याआधी ते मोडता येत नाही, ती जूनमध्ये होतील. 31 हप्ते, म्हणजे 62,000 जमा आहेत. त्याच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. पण अहो, ते फेडायचे कशातून? जो पगार येत नाही, त्यातूनच ना?”

कोणी काही बोलेना. तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, घ्या ते कर्ज. माझी पदविका दोन वर्षांनी झाली तरी चालेल.” ती हे शांतपणे म्हणाली, परंतु तिने वहीकडे पाहिले नाही.

आजी एकदम ताठ झाली. “मिलोच्या भाकरी खाल्ल्या पोरी, पण कणगीला हात लावला नाही. आणि आता तू लावायला सांगतेस?”

“आत्याबाई, कणगी उघडायची नाही हे खरे,” आई म्हणाली. “पण या महिन्यात तिच्यात टाकायलाही दाणे नाहीत, हेसुद्धा खरे आहे.” तिने चौकशीत मिळालेला नियम सांगितला. हप्ता चुकला तर दर महिन्यास शंभरामागे एक रुपया दंड पडतो. लागोपाठ चार हप्ते चुकले की खाते खंडित होते, आणि नंतर दोन महिन्यांत ते सुरू करून घेतले नाही तर पुढे भरणा करता येत नाही. म्हणजे तीन हप्ते थांबता येत होते. चौथा थांबवायचा नव्हता. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च सोडायचे आणि एप्रिल संपण्याआधी चारही हप्ते एकदम भरायचे, असे ठरले. काढायचे काही नाही, फक्त थांबायचे.

ते तीन महिने कसे गेले ते वहीत दिसते. फेब्रुवारीअखेर आडअडचणीच्या रकान्यात अडीच हजार उरले. मार्चमध्ये आजीने आपले खातेपुस्तक पुढे केले. डाळीच्या डब्यातील साडेसात हजारांचे एव्हाना नऊ हजारांच्या आसपास झाले होते. त्यांतील पाच हजार घरखर्चाला गेले. वडील मार्केट यार्डात एका अडत्याच्या पेढीवर शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायला जाऊ लागले. चालत्या गाडीत सुट्या पैशांचा हिशेब करण्यात वर्षे गेलेल्या माणसाला ते काम जड नव्हते. जड होते ते ओळखीच्या प्रवाशांनी तेथे पाहणे. पुढे त्याचेही काही वाटेनासे झाले.

न्यायालयाने कर्मचाऱ्यांना 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली होती. वडील रुजू झाले. परंतु पगार हाती पडायला अवकाश होता आणि एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला होता. चार हप्त्यांचे 8,000 आणि दंडाचे 120 रुपये हवे होते. आजीच्या खात्यात राहिलेले चार हजार आले. मुलीने सायकलीसाठी साठवलेले 1,850 रुपये आणून ठेवले. आईने ते घेतले आणि वहीत ‘उसने’ असे लिहून त्यापुढे मुलीचे नाव घातले. उरलेल्या 2,270 रुपयांसाठी आईने दोन रात्री जागून एका लग्नघरची शिवलेली नऊवारी लुगडी आणि झंपर पुरे केले. खिडकीवरील कारकुनाने पुस्तकात शिक्के मारून ते परत दिले तेव्हा मुलगी आईबरोबरच उभी होती. तिने पुस्तक उघडून एप्रिलपर्यंतच्या साऱ्या नोंदी मोजल्या. त्या 35 भरल्या.

मुलीची उसनवारी त्या वर्षीच्या दसऱ्याला फिटली. आडअडचणीचा रकाना पूर्ववत होण्यास मात्र दीड वर्ष लागले, आणि त्या दीड वर्षात घरात नवे कपडे फारसे आले नाहीत.

2024 च्या जूनमध्ये पाच वर्षे पुरी झाली. दहावीचा निकाल लागला होता. आईच्या बचत खात्यात 1,45,010 रुपये जमा झाले. 2019 मध्ये वडिलांनी पेन्सिलीने लिहून ठेवलेला आकडा तोच होता. मुलीने तो दोनदा वाचला आणि शाईने गिरवला. त्याच खिडकीवर आईने आणखी एक कोरा अर्ज मागून घेतला. आता दर शेकडा 6.7 होता, हप्ता तोच, 2,000.

रात्री वही खाली उतरली. धाकटा मुलगा आता सातवीत होता. नव्या रकान्यावर त्याचे नाव घालून झाल्यावर वडिलांनी विचारले, “आणि नावाखाली काय लिहायचे? कशासाठी साठवायचे?”

मुलगा विचारात पडला. त्याला गेल्या महिन्यात वैमानिक व्हायचे होते, आणि त्यापूर्वी पशुवैद्य. त्याने लेखणी उचलली, तशी आजी म्हणाली, “पेन्सिलीने लिही रे बाळा.”