खंडित प्रतीची पूर्तता : ‘आरसिंक’ची कार्यपद्धती आणि पाठनिष्ठेचा प्रश्न

पाठचिकित्सेच्या अभ्यासात ‘प्रत’ ही संज्ञा मूलभूत मानली जाते. एखादी पोथी उतरवून घेताना लेखनिक मध्येच थांबला आणि पुढे दुसऱ्याने वेगळ्या पोथीवरून ते काम पुरे केले, तर तयार होणारी प्रत बाह्यतः अखंड दिसते; परंतु तिचा पूर्वार्ध एका परंपरेचा व उत्तरार्ध दुसऱ्या परंपरेचा असतो. अशा संमिश्र प्रतीचा उलगडा करणे हे संपादकापुढील अत्यंत अवघड काम होय. आज हस्तलिखितांची छायाचित्रे, कोशांच्या संहिता आणि संशोधकांची टिपणे संगणकीय फाईलींच्या रूपाने एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात. जोडणी तुटल्यामुळे प्रत अर्ध्यावर राहते आणि नंतर ती पुढे चालू केली जाते. त्या वेळी तिचा पूर्वार्ध मूळ फाईलीशी जुळतो याची खात्री कशी पटवावी, हा प्रश्न म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकालाही परका राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात ‘आरसिंक’ या आज्ञा टंकून चालवावयाच्या साधनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

1. उगम व मूळ समस्या

आरसिंक हे साधन अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी तयार केले. त्याच्या पद्धतीचे विवेचन करणारा त्यांचा अहवाल कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत जून 1996 मध्ये निघाला. 1999 मधील ट्रिजेल यांच्या पीएच.डी. प्रबंधातही या पद्धतीची सविस्तर मांडणी आहे. त्यांच्यापुढील समस्या अशी होती : दोन दूरच्या संगणकांवर एकाच फाईलीची दोन जवळजवळ सारखी रूपे आहेत आणि मधली जोडणी मंद आहे. पाठभेद नोंदविणारा संपादक सर्व प्रती समोर मांडून बसतो. येथे मात्र दोन्ही प्रती एकत्र आणणे हेच टाळावयाचे आहे. प्रती एकमेकींसमोर न ठेवता त्यांतील भेद कसा ओळखावा, हे या पद्धतीचे मर्म आहे.

2. तुलनेची रीत

प्रथम स्वीकारणारा संगणक आपल्याजवळील प्रतीचे ठरावीक लांबीचे खंड पाडतो. प्रत्येक खंडावरून दोन तपास-अंक काढले जातात : एक झटपट निघणारा पण ढोबळ, दुसरा काटेकोर पण अधिक गणिताचा. केवळ हे अंक पाठविणाऱ्या संगणकाकडे जातात. तो मूळ फाईलीवर त्याच लांबीची चौकट एकेका बाइटने पुढे सरकवीत जातो. चौकटीतून बाहेर पडणाऱ्या बाइटचा वाटा वजा करून आत येणाऱ्याचा मिळविला की ढोबळ अंक नव्याने मिळतो. प्रत्येक वेळी संपूर्ण खंड मोजावा लागत नाही. ढोबळ अंक जुळला तरच काटेकोर अंक तपासला जातो. जुळलेल्या खंडाचा केवळ क्रमांक व न जुळलेला मजकूर मात्र प्रत्यक्ष पाठविला जातो. शेवटी संपूर्ण फाईलीचा तपास-अंक दोन्ही बाजूंनी पडताळला जातो.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. हस्तलिखिताच्या छायाचित्रांची 10,00,00,000 बाइटांची एक फाईल पाठविताना 6,40,00,000 बाइट पोहोचल्यावर जोडणी तुटली असे समजावे. मोठ्या फाईलींसाठी खंडाची लांबी सामान्यतः हाती असलेल्या प्रतीच्या आकारमानाच्या वर्गमुळाइतकी घेतली जाते. त्यानुसार येथे 8,000 बाइटांचे 8,000 खंड पडतील. प्रत्येक खंडाच्या दोन्ही अंकांना मिळून 20 बाइट लागले असे धरले, तरी अंकांचा भार 1,60,000 बाइटांचाच होतो. तेवढ्या देवघेवीत पूर्वार्धाची पडताळणी होते आणि 3,60,00,000 बाइटांचा उत्तरार्धच प्रत्यक्ष पाठवावा लागतो.

3. पूर्ततेचे पर्याय

वेगळे काही न सांगितल्यास आरसिंक येणारी फाईल तात्पुरत्या नावाने लिहिते, ती पूर्ण झाल्यावरच तिला खरे नाव देते आणि काम खंडित झाल्यास अर्धवट भाग काढून टाकते. ‘पार्शल’ हा पर्याय दिला असता तो भाग राखला जातो व तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर वरील तुलनेसाठी आधार म्हणून वापरला जातो. मात्र तो फाईलीच्या अंतिम नावानेच राहत असल्याने, त्या नावाची जुनी पण पूर्ण प्रत तेथे असेल तर तिची जागा अर्धवट प्रत घेते. ‘पार्शल-डिर’ या पर्यायाने अर्धवट भाग वेगळ्या कप्प्यात राहतो. म्हणून तो अधिक सुरक्षित मानावा. एकाच संगणकावरील दोन तबकड्यांमध्ये प्रत करताना आरसिंक खंडांची तुलना न करता संपूर्ण फाईलच नव्याने उतरविते, हेही ध्यानात ठेवावे.

‘अपेंड’ हा तिसरा पर्याय वेगळ्या गृहीतकावर उभा आहे. पोहोचलेला भाग मूळ फाईलीच्या आरंभाशी तंतोतंत जुळतो असे मानून तो केवळ उरलेले बाइट शेवटी जोडतो. 2008 मधील 3.0.0 या आवृत्तीपासून या पर्यायात पूर्वार्धाची पडताळणी होत नाही. ती हवी असल्यास ‘अपेंड-व्हेरिफाय’ असे स्पष्ट सांगावे लागते. त्यात जोडणीनंतर संपूर्ण फाईल तपासली जाते व मेळ न बसल्यास ती पुन्हा पाठविली जाते.

4. संमिश्र प्रतीचा धोका

या भेदाचे गांभीर्य पुढील प्रसंगात दिसते. काम खंडित झाल्यानंतर मूळ संहितेच्या आरंभीच्या भागात संपादकाने दुरुस्त्या केल्या आणि मग ‘अपेंड’ने पूर्तता झाली. आता पूर्वार्ध दुरुस्तीपूर्वीचा आणि उत्तरार्ध नंतरचा आहे. दुरुस्तीमुळे अक्षरे पुढेमागे सरकली असल्यास सांध्यावर काही मजकूर गळालेला किंवा दोनदा आलेला असतो. फाईलीचे आकारमान मात्र बरोबर असते आणि, नेहमीच्या आज्ञेप्रमाणे काळाची नोंद राखली असल्यास, दिनांक व वेळही मूळ फाईलीचीच असते. आरसिंक एरवी आकारमान व वेळ हीच दोन लक्षणे पाहून फाईल बदलली की नाही हे ठरविते. परिणामी पुढील प्रत्येक फेरीत ही सदोष प्रत निर्दोष समजून वगळली जाते. ‘चेकसम’ व ‘ड्राय-रन’ हे पर्याय एकत्र देऊन, काहीही न बदलता केवळ भेदांची यादी मागविली तरच दोष उघड होतो. संग्रहाचे स्थलांतर पूर्ण झाल्यावर व मूळ तबकडी रिकामी करण्यापूर्वी ही पडताळणी अनिवार्य समजली पाहिजे.

5. देवनागरी संहितेचे वैशिष्ट्य

यूटीएफ-8 या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘ज्ञा’ हे एक अक्षर ज, हलन्त, ञ व काना अशा चार चिन्हांचे, म्हणजे 12 बाइटांचे असते. प्रत या बारांपैकी कोठेही तुटू शकते. अर्धवट फाईलीच्या शेवटी दिसणारे विकृत चिन्ह हा पाठभेद नव्हे. तसेच ‘ऱ’ हा वर्ण एका स्वतंत्र चिन्हाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येतो. वाचकाला दोन्ही एकच. आरसिंकच्या दृष्टीने मात्र एक तीन बाइटांचा व दुसरा सहा बाइटांचा, म्हणून भिन्न.

6. समारोप

येथेच या साधनाची मर्यादा स्पष्ट होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा कोणता पाठ ग्राह्य याचा विवेक करावा लागला. आरसिंक असा विवेक करीत नाही. ज्या बाजूने फाईल निघते ती बाजू त्याला प्रमाण. तेथील अशुद्धही ते तितक्याच निष्ठेने पोहोचविते. पाठनिर्णय हे संपादकाचेच काम राहते. परंतु तो निर्णय ज्या प्रतीवर घ्यावयाचा, ती प्रत सांध्यावर विसंगत नाही एवढी हमी योग्य पर्याय निवडल्यास मिळते. ती न घेता सिद्ध केलेल्या संहितेत उद्याच्या अभ्यासकाला आढळणारा ‘पाठभेद’ कोणत्याही परंपरेचा नसेल. तो केवळ तुटलेल्या जोडणीचा अवशेष असेल.