सहा शहरं, दहा दिवस आणि पाठीवरची सॅक

चंदापूर, बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले हा बेंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्याचा औद्योगिक पट्टा आणि शेजारची इलेक्ट्रॉनिक सिटी. पुण्या-नागपूरकडून, बेळगावाकडून नोकरीसाठी आलेली मराठी पोरं इथे आता चांगलीच रुळली आहेत. त्यांच्या आईवडिलांनी युरोप पाहिला तो केसरी किंवा वीणा वर्ल्डबरोबर. सामान बसच्या पोटात, रात्रीला वरणभात, आणि कुणाचं पोट बिघडलंच तर धावायला टूर लीडर. पोरांचा बेत निराळा असतो. दहा दिवसांची रजा, पाठीवर सॅक, हॉस्टेलच्या डॉर्ममधली खाट आणि एक्सेलच्या तक्त्यात पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, रोम. डॉक्टरसमोर बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लस कुठली घ्यायची?

लशीचं पुढे पाहू. आधी तो तक्ता पाहायला हवा, कारण अशा सहलीत माणूस आजारी पडतो तो बहुतेक वेळा तक्त्यामुळेच.

आनेकलहून विमानतळ म्हणजे अख्खं बेंगळुरू ओलांडून पार देवनहळ्ळी. मेट्रोची यलो लाइन ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्रपर्यंत आली खरी, पण ती विमानतळावर नेत नाही. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे संध्याकाळी ऑफिस उरकून निघालेल्या माणसाची पहिली रात्र गेलीच. फ्रँकफर्टपर्यंतचे दहा-एक तास बसून काढायचे. उतरल्यावर घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे. पश्चिमेकडे जाताना शरीर हा फरक तसा लवकर पचवतं. पहाटे तीनला जाग येते, दोन-तीन दिवसांत घडी बसते. पण तक्त्यात त्या दोन-तीन दिवसांतच दुसरं शहर आलेलं असतं आणि हॉस्टेलचं भाडं वाचवायला रात्रीची बसही. दहा दिवसांत अशा दोन बसरात्री काढल्या, तर सहाव्या-सातव्या दिवशी घसा बसणं, ताप येणं, पासपोर्ट कुठेतरी विसरणं हे ओघानेच आलं.

तेव्हा वैद्यकीय सल्ला म्हणून सांगायचं तर दहा दिवसांत तीन शहरं, फार तर चार. पॅरिसहून ॲमस्टरडॅम रेल्वेने साडेतीन तासांच्या आत येतं, प्रागहून व्हिएन्ना चार तासांवर आहे. हे टप्पे दिवसा, खिडकीशी बसून करावेत. रात्रीचा प्रवास हवाच असेल तर तो एकदाच, आणि आडवं होता येईल अशा बर्थच्या गाडीने. प्रवासलेखिका मीना प्रभू स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांनी एकट्या लंडनवर अख्खं पुस्तक लिहिलं. एका शहरात पाहण्यासारखं किती असतं, याचा अंदाज त्यावरून यावा.

बसून केलेल्या लांब प्रवासाचा आणखी एक धोका आहे, तो म्हणजे पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने यावर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००७ मध्ये आला: चार तासांहून लांबच्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट होऊनही तो सहा हजारांत एक इतकाच राहतो, त्यामुळे निरोगी तरुणाने घाबरायचं कारण नाही. दर तासा-दीड तासाने उठावं, बसल्या जागी घोटे वर-खाली करावेत, झोपेच्या गोळ्या घेऊन आठ तास एकाच कुशीवर पडू नये. मात्र गर्भनिरोधक गोळ्या चालू असलेल्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, वजन जास्त असलेल्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या व्यक्तीने दाबमोज्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावं.

आता लस. युरोपसाठी वेगळी सक्तीची लस नाही. पण गोवर मात्र तपासावा. २०२४ मध्ये युरोप विभागात गोवराचे १,२७,३५० रुग्ण नोंदले गेले, १९९७ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. आज तिशीत असलेल्या अनेकांना लहानपणी गोवराचा एकच डोस मिळालेला आहे. लसीकरणाचं जुनं कार्ड आईच्या कपाटात सापडलं तर उत्तम, नाहीतर एमएमआरचा डोस निघण्याआधी चार-सहा आठवडे घ्यावा. गर्भवतींना ही लस देत नाहीत. धनुर्वाताच्या डोसला दहा वर्षं झाली असतील तर तोही उरकावा. व्हिएन्ना, प्राग किंवा म्युनिकच्या आसपास रानवाटांवर भटकायचं असेल तर गोचिडीपासून जपावं, तिथे गोचिडीतून मेंदूज्वर होतो. कर्नाटकाला हे नवं नाही. शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये सापडलेला माकडताप त्याच घराण्यातला. लांब पँट, पाय झाकलेले बूट आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी कातडी नीट पाहणं, एवढ्यावर बरंच भागतं.

मधुमेहींसाठी पुढचा मजकूर सावकाश वाचण्यासारखा आहे.

आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. युरोपात सर्रास मिळतं ते १०० युनिटचं. समजा बाटली फुटली किंवा हरवली, तिथल्या फार्मसीतून नवी घेतली आणि ती सॅकमधल्या लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरली. शरीरात जाणार २० नव्हे, ५० युनिट. अनोळखी शहरात, रिकाम्या पोटी, अडीचपट डोस! एकटा माणूस डॉर्मच्या वरच्या खाटेवर बेशुद्ध पडला, तर तो झोपलाय असंच बाकीच्यांना वाटेल. उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून पेनवर यावं. पेनमधलं इन्सुलिन इथेही बहुतेक १०० युनिटचंच असतं. बाटलीच न्यायची असेल तर लागेल त्याच्या दुप्पट न्यावी आणि सिरिंज तिच्याच जोडीच्या. सगळा साठा हातातल्या सामानात ठेवावा, कारण विमानाच्या पोटात तो गोठू शकतो आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी.

साखरेचे आकडेही तिथे वेगळे दिसतात. इथला १८० लंडन, ॲमस्टरडॅम किंवा प्रागच्या यंत्रावर १० म्हणून येतो, कारण तिथे मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिथला आकडा मिळतो. स्वतःचा ग्लुकोमीटर आणि पट्ट्या नेल्या की हा हिशेबच उरत नाही. दिवसाला वीस-पंचवीस हजार पावलं पडली की साखर एरवीपेक्षा खाली जाते, हेही धरून चालावं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच.

बाकीच्या औषधांचं म्हणाल, तर आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलची सवय इथेच सोडून जावी. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. साधं पॅरासिटामॉलसुद्धा जर्मनीत फार्मसीतच मिळतं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२० पासून ते काउंटरच्या मागे ठेवतात, मागून घ्यावं लागतं. फार्मसीची खूण फ्रान्स, इटलीत हिरवा क्रॉस आणि जर्मनीत लाल अक्षर ‘ए’. रविवारी बहुतेक बंद, पाळीची एखादीच उघडी, तिचं नाव बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. म्हणून पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, ओआरएसची पाकिटं, जुलाबाची गोळी, फोडांसाठीच्या पट्ट्या एवढं इथूनच न्यावं. रोजची औषधं मूळ पाकिटात असावीत आणि दोन ठिकाणी विभागलेली. रोम किंवा पॅरिसच्या मेट्रोत सॅकचा बाहेरचा कप्पा कधी उघडला गेला ते कळतही नाही. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं. झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध असेल तर डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं आणि साठा सहलीपुरताच ठेवावा.

खाऊच्या डब्याबद्दल आयांची नाराजी पत्करून लिहावं लागतंय. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. पेढे, खव्याच्या पोळ्या, घरचं तूप विमानतळावरच्या टोपलीत जाऊ शकतं. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि आंब्यांना सरकारी रोगमुक्ती दाखला लागतो. चिवडा, बाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे बिनदिक्कत न्यावेत. शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. पण दहा दिवस नुसत्या ब्रेड-चीजवर काढले की पोट तुंबतं. बाजारातून सफरचंदं, गाजरं, दही आणि डब्यातले राजमे घेऊन हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात चाळीस मिनिटं घालवली तर पैसेही वाचतात.

पाण्याची गंमत वेगळीच. आपल्याकडे पाणी स्वच्छ आहे का, हा प्रश्न. तिथे प्रश्न स्वच्छतागृहाचा. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. रोमच्या रस्त्यांवर बाटली भरायला सुमारे अडीच हजार चालू नळ आहेत. पण रेल्वे स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात. ते वाचवायला आणि रांग टाळायला प्रवासी, विशेषतः मुली, दिवसभर पाणीच पीत नाहीत. चौथ्या दिवशी लघवीला जळजळ, पाचव्या दिवशी ताप आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. सुट्या नाण्यांचं एक पाकीट वेगळं ठेवा आणि बिनधास्त पाणी प्या. संग्रहालयात, कॅफेत शिरलात की गरज नसली तरी जाऊन या.

‘युरोप म्हणजे थंडी’ हा समज जून ते ऑगस्टपुरता तरी काढून टाकावा. पॅरिसमध्ये २५ जुलै २०१९ ला पारा ४२.६ अंशांवर गेला होता. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपभर ७० हजारांहून अधिक माणसं उष्म्याने दगावली. नागपूर-विदर्भातल्या माणसाला ४२ अंशांत वावरायचं कसं ते ठाऊक असतं. नऊशे मीटर उंचीवरच्या आनेकलच्या हवेत दहा वर्षं काढलेल्याला ते विसरायला होतं. तिथल्या स्वस्त हॉस्टेलांमध्ये एसी तर सोडाच, छताला पंखाही नसतो. दुपारी बारा ते चारची वेळ संग्रहालय किंवा चर्चच्या आत काढावी, टोपी घालावी. डोकं दुखून मळमळू लागलं, घाम थांबला किंवा बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर तो उष्माघात समजावा. सावलीत आडवं करून अंग ओलं करावं आणि मदत बोलवावी.

पायांची तयारी मात्र इथेच होते, आणि फुकट. रोमच्या सेंट पीटर घुमटाला ५५१ पायऱ्या, कोलोनच्या चर्चच्या मनोऱ्याला ५३३. पॅरिस मेट्रोच्या बहुतेक स्थानकांत लिफ्ट नाही आणि जुन्या शहरांच्या रस्त्यांना घडीव दगड. आनेकलपासून पाचेक किलोमीटरवर मुत्याल मडुवूच्या धबधब्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत. प्रवासात वापरायचे तेच बूट, तीच सॅक आणि त्यात नेणार तेवढंच वजन घेऊन चार-पाच रविवार त्या उतरून-चढून पाहाव्यात. वजन स्वतःच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावं. कंबरेचा पट्टा बांधला की खांद्यांवरचा भार उतरतो. टाचेला चरचर लागताच थांबून पट्टी लावावी, फोड येईपर्यंत वाट पाहू नये. आलाच तर सुईने फोडू नये. मधुमेहींनी तळवे रोज रात्री पाहावेत.

ढेकणांचंही लोक विचारतात. २०२३ च्या शरदात पॅरिसमध्ये त्यांनी मोठी खळबळ उडवली होती. त्यांच्या चावण्याने रोग पसरत नाही, खाज मात्र सुटते. गादीची शिवण मोबाइलच्या उजेडात पाहा, सॅक खाटेवर ठेवू नका, घरी आल्यावर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा.

सहलीत स्वित्झर्लंडचं युंगफ्राउ जोडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. गाडी दोन-अडीच तासांत तिथे पोचवते, शरीराला सवय व्हायला तेवढा वेळ पुरत नाही. डोकं दुखलं, चक्कर आली तर पुढच्या गाडीने खाली यावं. हृदयविकार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, म्हणून बहुतेक जण सर्वांत स्वस्त पॉलिसी घेऊन व्हीएफएसच्या खिडकीवर देतात आणि विसरतात. ती एकदा वाचावी. आधीपासूनच्या रक्तदाब, मधुमेह, दम्याबद्दल काय लिहिलंय, दारू प्यायल्यावर झालेल्या अपघाताचं काय, हे पाहावं. आजार लपवून घेतलेली पॉलिसी ऐनवेळी कागद ठरते. लंडन सहलीत असेल तर ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे व्हिसा वेगळा आणि विम्यात ब्रिटनचं नाव आहे ना ते तपासावं. विमा कंपनीचा मदत क्रमांक, औषधांची यादी, ॲलर्जी आणि रक्तगट एका कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी संपते.

आणीबाणीचा क्रमांक ११२, युरोपीय संघात सगळीकडे मोफत, ब्रिटनमध्येही चालतो. जर्मनीत मात्र चालू सिमकार्ड नसलेल्या फोनवरून तो लागत नाही, तेव्हा सिम आधीच घ्या. आणि परतल्यानंतर महिनाभरात एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर सोमवारची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा आणि विमानातून कधी उतरलात ती तारीख डॉक्टरांना आधी सांगा.