व्हिसा आणि निवास-परवाना

परदेशगमनाचा विषय निघाला की पारपत्र आणि व्हिसा ही दोन नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी हटकून येतात. तिसऱ्या कागदाचे, म्हणजे निवास-परवान्याचे, नाव मात्र पुष्कळांनी ऐकलेले नसते. व्हिसा हाती आला म्हणजे परक्या देशात राहण्याचा प्रश्न कायमचा मिटला, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती कितपत खरी आहे, हे आपण जर्मनीच्या उदाहरणावरून पाहू. कारण तेथील परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे.

पारपत्र आपले सरकार देते व आपण कोण आहोत हे सांगते. व्हिसा परके सरकार देते व आपण कशासाठी येत आहोत हे पाहून देते. 'व्हिसा' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'पाहिलेला' असा आहे. तो दाराशी येऊन आत प्रवेश मागण्याचा परवाना होय. सीमेवरील अधिकारी आपली पुन्हा विचारपूस करू शकतो, आणि सबळ कारण असल्यास प्रवेश नाकारूही शकतो.

जर्मनीला जाणाऱ्यास दोन प्रकारच्या व्हिसांतील भेद कळला पाहिजे. पहिला शेंगेन व्हिसा. लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावाजवळ १९८५ साली झालेल्या करारावरून हे नाव पडले. या व्यवस्थेत २०२५ सालापासून २९ देश आहेत. प्रवासी या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहू शकतो, आणि ही मोजणी सर्व देशांची मिळून होते. ८० दिवस जर्मनीत राहून लगेच फ्रान्सला गेलेल्याच्या वाट्यास तेथे दहाच दिवस उरतात.

दुसरा राष्ट्रीय व्हिसा. दीर्घ शिक्षणासाठी वा नोकरीसाठी हाच लागतो. तो दिल्लीतील जर्मन वकिलातीकडून किंवा मुंबई, बंगळूर इत्यादी शहरांतील वाणिज्य दूतावासांकडून मिळतो. अभ्यासक्रम दोन-तीन वर्षांचा असला, तरी व्हिसाची मुदत बहुधा काही महिन्यांचीच असते. त्या मुदतीत निवास-परवाना मागणे, हे विद्यार्थ्याचे स्वतःचे काम आहे.

त्याचा क्रम असा. घर मिळताच दोन आठवड्यांच्या आत नगर-कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. नंतर त्या शहराच्या परकीय नागरिक कार्यालयात अर्ज द्यावयाचा. सोबत विद्यापीठातील प्रवेशाचा दाखला, आरोग्यविमा आणि निर्वाहाच्या रकमेचा पुरावा जोडावयाचा. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ११,९०४ यूरो ठरविण्यात आली. अर्ज मान्य झाल्यावर बँकेच्या कार्डाएवढे एक पत्रक मिळते. तोच निवास-परवाना.

येथे सारे महत्त्व तारखेला आहे. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज दिला असेल, तर निर्णय होईपर्यंत पूर्वीचा हक्क चालू राहतो व कार्यालय तसा दाखला देते. अर्ज दिला नसेल, तर मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तेथील वास्तव्य बेकायदेशीर ठरते, मग विद्यार्थी कितीही हुशार असो. शेंगेन व्हिसावर गेलेल्यास ही सवलत नाही. पर्यटक म्हणून जाऊन तेथेच विद्यार्थी होऊ, असे म्हणणाऱ्या भारतीयाला सामान्यतः मायदेशी परत येऊन योग्य व्हिसा घ्यावा लागतो.

निवास-परवान्याचा आणखी एक लाभ आहे. तो व पारपत्र चालू असेपर्यंत सुटीत घरी येऊन नव्या व्हिसावाचून परत जाता येते. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास तो सहसा रद्द होतो. त्यालाही हेतूची मर्यादा आहे. मार्च २०२४ मधील नियमानुसार शिक्षणासाठी राहणाऱ्याने वर्षातून १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच नोकरी करावयाची असते. हा परवाना म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि कायम वास्तव्याचा हक्कही नव्हे. तो हक्क मिळण्यास सर्वसाधारणपणे पाच वर्षे लागतात.

सारांश, व्हिसा आपल्याला उंबरठ्याच्या आत घेतो. निवास-परवाना तेथे मुक्काम करू देतो. देशपरत्वे नियम बदलतात, पण कोणत्याही देशाचा कागद हाती येताच तीन गोष्टी वाचाव्यात: तो कशासाठी दिला आहे, कोठवर चालतो, आणि कोणत्या तारखेस संपतो. विद्यार्थिमित्रहो, परीक्षेतील प्रश्नपत्रिका आपण जितक्या सावधपणे वाचतो, तितक्याच सावधपणे हा कागदही वाचावयास हवा.